आडून बोलणाऱ्या मुली

जुन्नरहून पश्चिमेला घाटघर गाठले की नाणेघाटाच्या तोंडाशी कातळात खोदलेले एक लेणे लागते. कल्याण-सोपाऱ्याकडून येणारा माल याच वाटेने वर चढून जुन्नरला आणि पुढे पैठणला जाई. जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण अजून तिथे आहे. लेण्याच्या डाव्या-उजव्या भिंती ब्राह्मी अक्षरांनी भरल्या आहेत. समोरच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. त्यांची वर कोरलेली नावे आणि खाली पावलांच्या खुणा तेवढ्या आता उरल्या आहेत. हा लेख इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानतात. त्यातली राणी नागनिका ही सातकर्णीची बायको, महारठी घराण्यातली लेक, आणि नवऱ्यामागे लहान मुलांच्या वतीने कारभार पाहिलेली बाई. यज्ञांची यादी लांबलचक आहे: अश्वमेध, राजसूय, दक्षिणेत दिलेल्या हजारो गायी, घोडे, हत्ती, कार्षापणे. त्या यादीच्या आधी राणीची ओळख येते. महिना-महिना उपवास करणारी, घरात राहूनच तापसीसारखी जगणारी, ब्रह्मचर्य पाळणारी, अशी.

मला हा लेख वाचताना दर वेळी इथेच थांबावेसे वाटते. राज्य सांभाळलेल्या, एवढे दान दिलेल्या बाईलाही जगापुढे उभे राहताना आपले शरीर आवरल्याची ग्वाही द्यावी लागली, आणि ती ग्वाही कातळात कोरावी लागली. तरुण विधवेकडून काय अपेक्षा असते, याचा आपल्या मुलखातला इतका जुना आणि इतका स्पष्ट पुरावा दुसरा मला माहीत नाही.

याच घराण्यातल्या हाल राजाच्या नावावर एक काव्यसंग्रह आहे. परंपरा त्याला पहिल्या शतकात नेते, पण संग्रहात पुढची काही शतके भर पडत गेली असावी. महाराष्ट्री प्राकृतातल्या, दोन-दोन ओळींच्या सुमारे सातशे गाथा. जर्मन पंडित आल्ब्रेख्ट वेबर यांनी १८७० आणि १८८१ साली त्या छापून जगापुढे आणल्या. वेगवेगळ्या हस्तलिखितांत गाथा इतक्या बदलतात की सगळ्या पाठांत सापडणाऱ्या गाथा फक्त ४३० भरतात. मराठी वाचकासाठी स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली भल्यामोठ्या प्रस्तावनेसह ‘गाथासप्तशती’ सिद्ध केली. ती प्रस्तावना म्हणजे महाराष्ट्राच्या जुन्या लोकजीवनाचा एक स्वतंत्र ग्रंथच आहे. टीकाकारांनी काही गाथांपुढे बायकांची नावे दिली आहेत: रेवा, रोहा, माधवी, अनुलक्ष्मी, शशिप्रभा. ती नावे नेमकी कितपत विश्वासाची, यावर वाद घालता येईल. पण या गाथा बायकांनी रचल्या असू शकतात असे जुन्या टीकाकारांना वाटले, त्यात त्यांना काही वावगे दिसले नाही, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

संग्रहाच्या आरंभीच लाजेचा प्रश्न उलटा टाकला आहे. कामाबद्दल बोलणाऱ्याने लाजावे असे तिथे म्हटलेले नाही. प्राकृत कविता न वाचता, न ऐकता जो त्या विषयावर तोंड उघडतो, त्याने लाजावे, असा तो सूर आहे. म्हणजे कामजीवन ही शिकायची गोष्ट आहे, आणि शिकायची ती कवितेतून.

आता एक गाथा अगदी जवळून पाहू. उन्हातान्हात चालून आलेला वाटसरू पाणपोईवर ओंजळ धरून पाणी पितो आहे. ओतणारी तरुण मुलगी आहे. वाटसरूची नजर वर, तिच्या चेहऱ्याकडे. बोटे त्याने सैल सोडली आहेत. पाणी खाली गळते आहे, त्यामुळे पिणे संपत नाही. आणि मुलगी? जसजसा तो बोटे फाकवतो तसतशी ती धार बारीक करत जाते, बारीक होती तीही अजून बारीक करते. गाथा इथे संपते.

यात कोणी कोणाला काही बोललेले नाही. हसलेलेही नाही. पाणी पाजणे हे पुण्याचे काम, ते चालूच आहे. मागून कोणी आले तर आक्षेप घेण्याजोगे काही सापडणार नाही. वाटसरू पितो आहे, मुलगी ओततेय. तरी त्या धारेच्या जाडीत सगळे आले आहे. माझ्या मते गाथेचा खरा जीव मुलीच्या हातात आहे. वाटसरूची बोटे सैल पडणे हे पुरुषाचे नेहमीचेच. तो परगावचा, उद्या पुढे जाणार, त्याला काय गमवायचे? मुलीला ही पाणपोई उद्याही चालवायची आहे. म्हणून तिचे उत्तर त्याच्या विचारण्याहून अवघड आहे आणि जास्त नेमके आहे. ती आपल्या इच्छेला नेमके एवढेच माप देते की त्याला कळावे आणि गावाला कळू नये. ही गाथा नाणेघाटातली आहे असे कुठेही म्हटलेले नाही. पण त्या घाटाचा चढ उन्हात चढून वर आलेल्या माणसाला ती दुसरीकडे कुठे घडली असेल असे वाटत नाही.

गाथेतल्या मुली शेतकऱ्यांच्या घरच्या आहेत. नांगर, बैल, कापूस, भात, ताग, तीळ हे त्यांचे जग आहे, आणि त्यांच्या भेटीगाठींचे वेळापत्रक पिकांवर ठरते. एका गाथेत कपाशीच्या शेताची पहिली नांगरट आहे. शुभ दिवस पाहिला आहे, नांगराची पूजा चालली आहे, घरातली बाई नांगरावर मंगलचिन्हे काढते आहे. तिचे हात थरथरतात. एवढेच. पूजेच्या वेळी हात का थरथरावेत? कारण तिला दिसते आहे ते आजचे उघडे रान नाही. आणखी काही महिन्यांनी माणसाच्या उंचीला येणारी कपाशी तिला दिसते आहे, आणि त्या कपाशीत भेटणारा कोणी. गाथा तिला ‘असई’, म्हणजे कुलटा, म्हणून मोकळी होते. मला त्या थरथरीत आणखी एक गोष्ट दिसते. सगळे घर भोवती उभे आहे आणि तिच्या हातात सगळ्यांच्या भरभराटीचे शुभकार्य आहे. घर पिकाची वाट पाहते आहे, तीही पिकाची वाट पाहते आहे. अपेक्षा आणि इच्छा एकाच नांगरावर आल्या की हात थरथरणारच. त्या एका शब्दापलीकडे कवीने तिला दोष दिला नाही, तिची वकिलीही केली नाही. तिच्या हाताकडे पाहिले आणि ते टिपून ठेवले.

दुसरी गाथा याच हंगामाच्या दुसऱ्या टोकाची आहे. भात पिकून पांढुरके झाले आहे, आता कापणी होणार. मुलगी मान खाली घालून रडते आहे, कारण आडोसा जाणार. तिची मैत्रीण समजूत घालते: अगं, तागाचे रान तर आता कुठे फुलून आले आहे, हरताळाने चेहरा रंगवलेल्या नटीसारखे. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात आजही भात आहे, आणि पूर्वेकडच्या बागायतीत हिरवळीच्या खतासाठी ताग पेरतात. फुलावर आलेला ताग ज्याने पाहिला आहे त्याला ती उपमा वेगळी समजावून सांगावी लागत नाही. तो पिवळा रंग झगझगीत असतो, चेहऱ्यावर थापल्यासारखा.

या उपमेवर मला जरा रेंगाळायचे आहे. गाथेत दोन बायका आहेत. एक आडोसा हरवला म्हणून रडणारी. दुसरी फक्त उपमेपुरती आलेली नटी, जी रंग फासून सगळ्यांसमोर उभी राहते. पहिलीला लपण्यासाठी दुसरीची आठवण निघते, हे विलक्षण आहे. आणि ही गाथा वाचताना जुन्नर तालुक्यातल्या माणसाला नारायणगाव आठवल्यावाचून राहत नाही. तमाशाची पंढरी म्हणतात ती हीच. यात्रांचा हंगाम आला की फडांच्या राहुट्या इथे पडतात आणि गावोगावचे कारभारी सुपारी द्यायला येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) इथल्याच. भर कार्यक्रमात त्यांना कळा सुरू झाल्या, मंचामागे बाळंत होऊन दगडाने नाळ तोडून त्या पुन्हा मंचावर उभ्या राहिल्या, ही हकीकत महाराष्ट्राला पाठ आहे. ती सांगताना लोक त्यांच्या धैर्याचे कौतुक करतात, आणि ते खरेच आहे. पण बाळंतपणाच्या घटकेलाही मंचावर उभे राहण्याची वेळ त्यांच्यावर आली, ही बाजूही विसरू नये. स्वतःच्या घरातल्या लेकीसुनेने जे ओठावर आणू नये, ते राहुटीत दुसऱ्याच्या लेकीने, तेही खालच्या मानलेल्या जातीतल्या लेकीने, रंग लावून मोठ्याने म्हणावे. आणि म्हणून झाल्यावर तिला मात्र घरची मानू नये. ही वाटणी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालली. लावणीतली इच्छा बाईच्या तोंडची असते, पण ती लिहिणारे शाहीर बहुतेक पुरुष. गाथेतल्या ताग-नटीच्या उपमेत ही सगळी वाटणी मला आधीच बीजरूपाने दिसते.

हा रंगाचा खेळ आपल्यापुरता नाही. सँड्रा सिस्नेरोस या मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन लेखिकेचे ‘द हाऊस ऑन मँगो स्ट्रीट’ हे छोटेखानी पुस्तक १९८४ साली आले. शिकागोतल्या एका गरीब वस्तीत वाढणारी एस्पेरान्सा नावाची मुलगी त्यात आपल्या आसपासच्या मुलींच्या गोष्टी सांगते. सॅली नावाची तिची मैत्रीण शाळा सुटल्यावर घर जवळ आले की पापण्यांवरचा निळा रंग पुसून टाकते, कारण बाप कडक आहे. राफाएला या तरुण बायकोला नवरा घरात कोंडून ठेवतो, का तर ती देखणी आहे, पळून जाईल. तो डॉमिनो खेळायला गेला की ती खिडकीतून पैसे टाकते, पोरे तिला नारळाचा किंवा पपईचा रस आणून देतात, आणि ती दोरीला बांधलेल्या पिशवीतून तो वर ओढून घेते. लॅटिनो घरांत मुलीने कुमारी मातेसारखे असावे ही अपेक्षा आणि मुलीच्या मनातली हुरहुर यांच्यामध्ये किती थोडी जागा उरते, ते त्या दोरीवरून कळते. गाथेतल्या कवीने ही पिशवी पाहिली असती तर तिच्यावर एक गाथा नक्की रचली असती. मंचर-घोडेगावच्या कॉलेजातून संध्याकाळच्या एसटीने वाडीवर परतणाऱ्या मुलीही आपापल्या फाट्याच्या आधी ओढणी नीट करतात, फोनमधले नाव बदलतात, ओठ पुसतात. त्यांना सॅली ओळखीची वाटेल.

गाथांतल्या या आडून बोलण्याचे पुढे काय झाले, ही हकीकत मोठी आहे आणि ती आपल्या अभिमानाची आहे. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ लिहिला. कवितेचा आत्मा सांगितलेल्या अर्थात नसतो, सुचवलेल्या अर्थात असतो, हा त्याचा सिद्धान्त. तो सिद्ध करण्यासाठी त्याने पहिल्याच प्रकरणात जी उदाहरणे घेतली, त्यांत ठळक आहेत त्या आपल्या गोदाकाठच्या प्राकृत बोलणाऱ्या बायका. एका गाथेत रोज फुले तोडायला येणारा धार्मिक गृहस्थ आहे. त्याच्या येण्याने नदीकाठची एकान्ताची जागा मोडते. त्याला एका कुत्र्याची भीती वाटत असे. तेव्हा ती त्याला सांगते की बाबा, आता खुशाल हिंड, त्या कुत्र्याला आज सिंहाने मारले, गोदेच्या काठच्या जाळीत राहतो ना, त्याच सिंहाने. वरवर आमंत्रण, आतून मनाई. दुसऱ्या गाथेत नवरा परगावी गेलेली सून वस्तीला आलेल्या वाटसरूला उजेड आहे तोवर दाखवून ठेवते की सासूबाई इथे झोपतात, मी इथे. तुला रात्री दिसत नाही, तेव्हा चुकून आमच्या अंथरुणावर पडू नकोस. वरवर मनाई, आतून आमंत्रण.

जुन्नर-आंबेगावच्या वाचकाला पहिली गाथा अंगावर येईल. इथे उसात बिबट्या आहे, माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र आहे, आणि जाळीत जनावर आहे हे वाक्य इथे कोणी सहज म्हणत नाही. लोकांची माणसे गेली आहेत. गाथेतला सिंह खरा की तिने उभा केलेला, हे गाथा सांगत नाही. पण तिच्या बोलण्यातली हुशारी कुठे आहे पाहा. भिणारा माणूस आहे हे तिला माहीत आहे, म्हणून ती त्याला भीती दाखवत नाही, दिलासा देते. दिलाशातच सिंह बसवून देते. आणि त्यातून मला दिसते ती एक खेदाची गोष्ट: गाथेतल्या बाईने जनावराच्या धाकाचा उपयोग स्वतःच्या मोकळिकीसाठी केला, आज आमच्या मुलींच्या वाट्याला त्या धाकाची दुसरीच बाजू येते. संध्याकाळचा क्लास बंद, मैत्रिणीकडे जाणे बंद, लवकर घरी. बिबट्याचा धोका खरा आहे, त्यासाठी घेतलेली काळजीही खरी आहे. तरी त्या काळजीत बिबट्या किती आणि मुलीवरची नजर किती, हे प्रत्येक घराने एकदा तपासून पाहावे.

या दोन गाथांवर पंडितांनी शतकानुशतके खल केला. अभिनवगुप्ताने त्यांवर पाने लिहिली, मम्मटाने त्या आपल्या ग्रंथात घेतल्या, महिमभट्टाने वाद घातला की ही व्यंजना, म्हणजे अर्थ सुचवणे, नाहीच, हे साधे अनुमान आहे. इतक्या मोठ्या बुद्धीच्या माणसांनी एका तरुण सुनेचे वाक्य इतक्या मनापासून ऐकावे याचा मला आनंद वाटतो. पण त्यांचे ऐकणे एका जागी अपुरे पडले असे माझे मत आहे. आडून बोलणे हे त्यांना काव्याचे वैभव वाटले. ते आहेच. ज्या बाईला ते बोलावे लागले तिच्यापुरते ते आधी निकडीचे होते. सरळ बोलण्याची सोय असती तर तिने ते बोलणे इतके धारदार केले असते का? सासू कुठे झोपते हे सांगण्याइतके घर तिच्यावर पहारा ठेवून आहे. त्या पहाऱ्यातून ही भाषा घडली. रसिक आस्वाद घेताना पहारा विसरला तर त्याने अर्धीच गाथा वाचली.

ते विसरू नये म्हणून दीर-भावजयीच्या दोन गाथा मी मुद्दाम पुढे ठेवतो. संग्रहातल्या सगळ्या प्रेमगाथांहून या मला मोठ्या वाटतात. दोन्ही पहिल्या शतकडीत आहेत.

पहिलीत दिराचे मन शुद्ध नाही. घरच्या भिंतीवर चित्रे काढलेली आहेत, रामाच्या मागे चालणाऱ्या लक्ष्मणाची. कुलवधू ती चित्रे दाखवून त्याला लक्ष्मणाची गोष्ट सांगते. दिवसभर सांगते. नकार यात पूर्ण आहे आणि निर्दोषही. दिराला राग यावा असे काही नाही, देवाची कथा चालली आहे. तू कोण आणि मी कोण, हे भिंत सांगते, ती नाही. जुने रसिक इथे वाहवा म्हणतात आणि पुढे जातात. मला मात्र त्या ‘दिवसभर’पाशी धास्ती वाटते. दिवसभर सांगावी लागली, याचा अर्थ तो दिवसभर उठला नाही. घरात दुसरे कोणी दिसत नाही. एकदा सांगून भागले नाही, पुन्हा सांगितले, पुढचे चित्र, त्याच्या पुढचे चित्र. भिंत कुठेतरी संपणार. चित्रे संपल्यावर काय, हे कवी सांगत नाही, आणि ते न सांगण्यानेच ही गाथा मोठी झाली आहे.

दुसरी गाथा त्या प्रश्नाचे जणू उत्तर आहे. दिराचे मन वाईट. तिचे स्वतःचे मन स्वच्छ. नवरा तापट. ती सांगत नाही, कुटुंब फुटेल या भीतीने. आणि सून झिजत जाते.

किती कमी सामग्री आहे पाहा. तीन माणसांची तीन मने एकामागून एक ठेवली, मग एक न सांगणे, मग एक शरीर. हा संग्रह वाचत आलेल्या माणसाला बायकांचे झिजणे परिचयाचे झालेले असते. नवरा प्रवासाला गेला की त्या झिजतात, हातातल्या बांगड्या सैल होतात. एकीने तर नवरा गेला त्या पहिल्याच दिवशी, अर्धा दिवस सरायच्या आत, ‘आज गेला, आज गेला’ असे मोजत भिंत रेघांनी भरून टाकली आहे. झिजणे म्हणजे विरह, झिजणे म्हणजे प्रेम, ही वाचकाची सवय कवीने पक्की करून दिली आहे. आणि मग या गाथेत तीच खूण तो भीतीसाठी वापरतो. बाहेरून पाहणाऱ्या शेजारणीला वाटेल, सून नवऱ्याच्या ओढीने वाळली. नवरा तर घरातच आहे. प्रेमकवितेची सगळी भाषा इथे एका सुनेच्या कोंडीचे आवरण झाली आहे. हे ज्याला सुचले तो कवी, किंवा जिला सुचले ती कवयित्री, माणसांच्या घरात पुष्कळ वेळ बसलेली असली पाहिजे.

पाणपोईवरच्या मुलीचे गप्प राहणे आणि या सुनेचे गप्प राहणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. एक गप्प राहून स्वतःसाठी जागा करते, दुसरीची उरलेली जागाही गप्प राहून जाते. आपल्याकडे मुलींच्या संकोचाचे कौतुक करताना या दोहोंची गल्लत होते. कमी बोलणारी, नजर खाली ठेवणारी मुलगी म्हणजे चांगल्या घरची मुलगी, असे आपण सहज म्हणून जातो. ती कोणत्या गाथेतली आहे हे विचारत नाही. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ साली झाला, बालकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१२ साली. दोन्ही हवेच होते. पण सुनेने न सांगण्याचे गाथेत दिलेले कारण आजही त्याच शब्दांत ऐकू येते: घर मोडेल. मुलींच्या बाबतीत त्याला नवे कारण जोडले गेले आहे: शिक्षण बंद करतील. एसटीच्या वाटेवर कोणी त्रास देतो हे घरी सांगितले तर त्रास देणाऱ्याचे काही होत नाही, मुलीचे कॉलेज सुटते, हे मुलींना पक्के ठाऊक असते. म्हणून त्या सांगत नाहीत.

या संग्रहातले सगळेच मला आवडते असे नाही. पुष्कळ गाथांत बाई नुसती बघण्याची वस्तू आहे, तिचे अवयव मोजले आहेत, आणि तिथे कवीची नजर पाणपोईवरच्या वाटसरूइतकीही सभ्य नाही. त्या मी उलटून पुढे जातो. जिथे बाईची इच्छा तिच्या घरादारासकट, तिच्या गरिबीसकट, तिच्या सवतींसकट येते, तिथे संग्रह उंच होतो. व्याधाची नवी बायको कानात मोरपीस खोचून तोऱ्याने हिंडते, भोवती मोत्यांनी मढलेल्या सवती. हत्ती मारून गजमोती आणणारा तो शिकारी आता हिला सोडून लांब जातच नाही, जवळच्या मोरावर भागवतो. म्हणून मोत्यांपेक्षा पीस मोठे. बाईच्या शरीरसुखाचा एवढा उघडा, एवढा हसरा अभिमान नंतरच्या मराठीत फार क्वचित भेटतो. पण तो अभिमान सवतींच्या मधोमध मिरवावा लागतो, आणि त्या सवतींनी कधीकाळी असेच काही मिरवले असणार, हेही मोत्यांतून दिसतेच. आणखी एकीला, दिवस गेलेले असताना, काय खावेसे वाटते असे विचारतात. घरात काही नाही हे ती जाणते. नवऱ्याची तारांबळ होऊ नये म्हणून ती सांगते, पाणी प्यावेसे वाटते. डोहाळा म्हणजे बाईला तोंडाने मागण्याची समाजाने दिलेली एकमेव हक्काची संधी, आणि तिथेही ती पाणीच मागते. या गाथेला शृंगारात बसवता येत नाही. पण इच्छा आणि अपेक्षा यांचे गणित तरुण बाई कसे रोज मांडते, ते हिच्याइतके स्वच्छ कुठे दिसत नाही.

२००७ साली महाराष्ट्रासह काही राज्यांनी शाळांमधल्या लैंगिक शिक्षणाला विरोध करून ते थांबवले. आपल्या संस्कृतीत हे बसत नाही, असे त्या वेळी मोठ्या आवाजात सांगितले गेले. ज्या भाषेचा सगळ्यात जुना मोठा काव्यसंग्रह लाज कशाची वाटावी याचा निवाडा करूनच सुरू होतो, त्या भाषेच्या मुलखात हे बोलले गेले. मुलामुलींनी मग जे शिकायचे ते फोनवरून शिकले, आणि तिथे ना धार बारीक करणारी मुलगी आहे, ना भिंतीवरची चित्रे दाखवणारी सून.

जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव इथल्या महाविद्यालयांत मराठी शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे. जोगळेकरांची गाथासप्तशती ग्रंथालयातून काढा. मुलगे आणि मुली एकत्र बसलेल्या वर्गात तिच्यातल्या पाच-दहा गाथा वाचा, पीक-पाणी इथलेच आहे, अडणार नाही. संकोच वाटत असेल तर दीर-भावजयीच्या त्या दोन गाथांपासून सुरुवात करा. त्यांत संकोच वाटावा असे एक अक्षर नाही, आणि वर्गातल्या मुलींना त्या समजावून सांगाव्या लागणार नाहीत. मुलग्यांना मात्र सांगाव्या लागतील, आणि त्यासाठी सबंध तास ठेवा.